आठव्या दिवशीचा चहा

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची बेल दुरुस्त करून ती जिना उतरत होती, तेवढ्यात तळमजल्यावरून आवाज आला.

"अरे, दिवा लाव! घामाघूम झालेय मी इथं!"

ती पायरीवरच थांबली. उकडायला लागलं की माणूस वारा मागतो, पाणी मागतो. दिवा मागणारं माणूस तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तेही भर दुपारी.

तळमजल्याचं दार उघडं होतं. दाराच्या आत बाइंडिंगचं दुकान होतं. पुस्तकांच्या चळती, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, खळीचं पातेलं, आणि मधोमध एक उंच माणूस. एका हातात सुई-दोरा, दुसरा हात भिंतीवरच्या स्विचवर. त्यानं खटका दाबला. दुकानातला दिवा लागला आणि मागच्या खोलीत पंखा घरघरत सुरू झाला.

"आला गं बाई वारा," आतून सुस्कारा आला.

तिला हसू आवरेना. परक्या दारात उभं राहून हसणं बरं नव्हे, म्हणून ती बोललीच.

"दिवा लावला की पंखा सुरू होतो?"

तो वळला. तिच्या हातातल्या पिशवीकडे त्यानं बघितलं, मग अंबाड्यात खोचलेल्या टेस्टरकडे. तिच्या अंबाड्यात फुलाच्या जागी टेस्टर असायचा, म्हणून अख्ख्या गल्लीत तिला 'टेस्टर'च म्हणत. तोंडावर 'टेस्टरताई', पाठीमागे नुसतं 'टेस्टर'.

"हो," तो म्हणाला.

"आणि दिवा बंद केला की?"

"पंखा बंद. स्वयंपाकघर बंद. मागचं सगळंच बंद."

"कधीपासून?"

"गेल्या मंगळवारपासून."

"आणि गेल्या मंगळवारी हा स्विच कोणी काढला होता?"

त्यानं सुईकडे बघितलं. सुईनं काही उत्तर दिलं नाही.

"स्विच काढला होता हे तुम्हाला... कसं कळलं?"

"घराला आपणहून असली अक्कल सुचत नसते," ती म्हणाली.

आतून त्याची आई आली. गोल चेहऱ्याची, खांद्यावर पंचा टाकलेली. "मी सांगते तुला पोरी. यानं आपल्या दिव्याचं आणि माझ्या पंख्याचं लग्न लावून दिलंय. एक उठला की दुसरा उठतो, एक झोपला की दुसरा झोपतो. स्वतःचं मात्र—"

"आई!"

"गप्प बसते बाबा. तू दिवा तेवढा चालू ठेव."

टेस्टर पिशवी खाली ठेवून आत आली. स्विच नवा होता, पांढराशुभ्र, थोडा तिरका बसवलेला. जुन्याचं झाकण फुटलं होतं म्हणून त्यानं नवा आणला होता.

"वायरमनला का नाही बोलावलं?"

"म्हटलं, चारशे पानांचं पुस्तक उसवून शिवतो आपण. तीन वायरी काय!"

"आणि उसवण्याआधी कुठलं पान कुठं होतं, ते बघून ठेवलं नाहीत?"

त्यानं खाली मान घातली. पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू होतं ते. चोरटं.

तिनं दाराजवळच्या मेन बोर्डातला पांढरा चिनीमातीचा फ्यूज ओढून काढला आणि कुडत्याच्या खिशात टाकला. पंखा मंदावला. आतून "अगं बाई!" झालं.

"फ्यूज खिशात कशाला?" त्यानं विचारलं.

"बाबांचा नियम आहे. काम चालू असताना फ्यूज आपल्या खिशात. टेबलावर नाही, खिडकीत नाही, दुसऱ्याच्या हातात तर नाहीच. बाबा म्हणतात, फ्यूज म्हणजे आपला जीव. तो काय लोकांकडे सांभाळायला द्यायचा?"

"बाबा वायरमन?"

"या अख्ख्या घराचं वायरिंग त्यांचंच आहे. आता हात थरथरतात त्यांचे. चार वर्षं झाली, काम मीच बघते." तिनं त्याच्या हातात बॅटरी दिली. "ही धरा. बॉक्सवर."

ती स्विचचे स्क्रू सोडवू लागली. बाईमाणूस वायरमन म्हणून घरात घ्यायला लोक एकदा विचार करत, पण काम बघितलं की दुसऱ्यांदा विचार करत नसत. चार वर्षांत तिच्या एकाही कामाचा उलटा निरोप आला नव्हता. त्या नावावरच बापलेकीचं घर चालत होतं. वरच्या वहिनीही आता म्हणाल्या होत्या, बेल टिकली तर सगळ्या घराचं नवं वायरिंग तुझ्याकडेच. आणि वहिनींनी एकदा बरं म्हटलं की अख्खी इमारत बरं म्हणणार, हे ठरलेलं होतं.

स्विच बाहेर आला. मागे तीन लाल वायरी. तिन्हींची टोकं एका रेषेत कापलेली, जणू कटिंग मशीनमधून काढलीत.

"गाठी कुठायत?" तिनं विचारलं.

"कसल्या गाठी?"

"या वायरींना गाठी होत्या. बाबांकडे त्या काळी लाल वायरचं एकच भेंडोळं असायचं. कुठली कुठली हे कळावं म्हणून टोकाजवळ गाठ मारायचे ते. मेनकडून येणारीला एक गाठ. पुढे आतल्या खोल्यांकडे जाणारीला दोन. दिव्याच्या वायरीला तीन. त्यांनी केलेल्या प्रत्येक घरात असंच आहे. बॉक्स उघडला की मला पत्र वाचल्यासारखं कळतं."

तो गोरामोरा झाला. "मी... कापल्या."

"कापल्या?"

"आमच्यात गाठ वर राहिली की पुस्तक फुगतं. पान दबत नाही. टोकं समान पाहिजेत. हातच तसा वळतो हो..."

आता चिडावं की हसावं, तिला कळेना. गाठ दिसली की कापणारा माणूस या घराला मिळाला होता, आणि बाबांनी सगळी भिस्त गाठींवर ठेवली होती!

"टाकून दिल्या?"

तो टेबलाशी गेला. एक पत्र्याची डबी उघडून तिच्यापुढे धरली. आत पितळी रिंगा, जुन्या सुया आणि लाल वायरीचे तीन तुकडे. गाठी जशाच्या तशा.

"टाकवल्या नाहीत," तो म्हणाला. "इतक्या घट्ट आणि नेटक्या गाठी फार कमी लोकांना जमतात. म्हटलं, कुणाचा तरी हात असणार हा."

ती गाठींकडे बघत राहिली. एक, दोन, तीन. बाबांना आता शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं.

"बॅटरी," ती जरा वेळानं म्हणाली. "बॉक्सवर धरा. माझ्या तोंडावर नको."

"बॉक्सवरच होती—"

"होती. आता नाहीये."

उजेड भिंतीवर परत गेला. आतल्या दारातून आई म्हणाली, "हात हलतो त्याचा. आजच हलायला लागलाय."

गाठी नव्हत्या, तेव्हा सगळं मुळापासून शोधायचं होतं. तिनं तिन्ही वायरींची टोकं सोलून एकमेकींपासून लांब केली, कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि फ्यूज बसवला. टेस्टर एकेका टोकाला लावला. पहिलीवर काही नाही. दुसरीवर काही नाही. तिसरीला टेस्टरच्या पोटातला बारीक दिवा पेटला.

"ही मेनकडून येणारी. हिच्यातच करंट आहे."

पुन्हा फ्यूज काढला, खिशात टाकला. करंटवाली वायर उरलेल्या दोनपैकी एकीला जोडली. फ्यूज बसवला. मागे पंखा घरघरला.

"आला वारा!" आई आतून ओरडली. "आणि इथं दिवा न लागता!"

"म्हणजे ही पुढे जाणारी. उरली ती दिव्याची." तिनं त्याच्याकडे बघितलं. "येणारी आणि पुढे जाणारी, या दोघींनी स्विचच्या एकाच बाजूला राहायचं असतं, म्हणजे मागचं घर कधी अडत नाही. तुम्ही पुढे जाणारीला दिव्याच्या जोडीला बसवलंत. दिवा झोपला की घर झोपलं."

"म्हणजे वायरी तीन, आणि चुकीची जोडी..."

"अख्ख्या घराला त्रास."

"आईला सांगतो, लग्नाची घाई करू नकोस म्हणून."

ती पटकन बॉक्सकडे वळली. कान गरम झाले होते. उकाड्यामुळेच असणार.

न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची काळी वायर, याच बॉक्समध्ये एका छोट्या कनेक्टरनं जोडलेली होती. तीही तपासलेली बरी म्हणून फ्यूज काढून तिनं कनेक्टरचा एक स्क्रू सैल केला, आपल्या तपासायच्या बल्बची वायर त्यात अडकवली आणि फ्यूज बसवून पाहिला. बल्ब लागला. ठीक होतं. फ्यूज परत खिशात गेला. मग तिनं लाल वायरींना नव्या गाठी मारायला घेतल्या. एक. दोन. तीन.

तो जवळ येऊन बघत होता. खळीचा आणि नव्या कागदाचा वास आला.

"दुसरी गाठ पहिलीच्या पोटातून घेता?"

"सुटत नाही तशी."

"आम्हीही शेवटची गाठ अशीच घेतो. दाखवू?" त्यानं दोरा घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत एक गाठ मारली. बोटं लांब होती, टोकांना खळ वाळलेली. गाठ इतकी बारीक, की ती बघायला तिला वाकावं लागलं. तो मागे सरकला नाही... तीही लगेच सरळ झाली नाही.

"झालं का गं?" आई ओरडली.

"झालं, झालं!" तिनं घाईघाईत बल्बची वायर कनेक्टरमधून ओढली, सगळं आत ढकललं, स्विच बसवला, या वेळी सरळ, आणि फ्यूज लावला. दिवा बंद, पंखा चालू. दिवा चालू, पंखा चालू.

"सुटले बाई," आई म्हणाली. "बस, चहा टाकते."

"नको काकू. बाबांचा दुसरा नियम आहे. ज्या घरात काम केलं तिथं लगेच चहा घ्यायचा नाही. काम आठ दिवस टिकलं तर तो चहा आपल्या हक्काचा."

"तुझ्या बाबांना नियम सोडून दुसरं काही सुचतं का गं?"

तो मात्र गंभीरपणे कॅलेंडरकडे बघत होता. "आज सोमवार. म्हणजे पुढच्या सोमवारी."

"लोक मोजत बसत नाहीत," ती म्हणाली.

"आम्ही पानं मोजतो. सवय आहे."

तिची पिशवी भरताना एक जुनी वही खाली पडली. पानं सुटून पसरली. त्यानंच वाकून गोळा केली. पानापानावर पेन्सिलीनं घरांची चित्रं होती. कुठल्या खोलीत कुठला दिवा, कुठून वायर गेली, कुठं गाठी एक, कुठं दोन.

"बाबांची?"

"हो. उसवत चाललीय."

"ठेवून जा. शिवून देतो." आणि जराशानं, "आठ दिवस लागतील."

"एका वहीला?"

"घाईत शिवलेलं टिकत नाही. आमचाही नियम आहे."

ती जिना नसतानाही पायऱ्या उतरल्यासारखी घरी गेली.

त्या आठवड्यात ती त्या गल्लीतून तीनदा गेली. दोनदा काम होतं. तिसऱ्यांदा कुठलं काम होतं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. प्रत्येक वेळी तो दारातून बोटं दाखवायचा. बुधवारी पाच. शुक्रवारी तीन. शनिवारी दोन. बोलायचा नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत वहिनी उभ्या असायच्या, आणि त्यांनाही बोटं मोजता येत होती.

रविवारी सकाळी निरोप आला. बाइंडरकडे मागचे दिवे लुकलुकतायत, पंखा बंद पडलाय.

चार वर्षांत आलेला पहिला उलटा निरोप. तिनं पिशवी उचलली. मग एक विचार आला आणि तिला राग चढला. माझं काम सात दिवसांत जाणार नाही. कुणी घालवल्याशिवाय.

इमारतीच्या दारातच वहिनी भेटल्या. भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "आज पुन्हा? तळमजल्यावर बरे दिवे जातात गं हल्ली! आमच्याकडे जात नाहीत मेले इतक्या हौसेनं."

घराघरांत आत जाणाऱ्या बाईचं नाव काचेच्या बल्बसारखं असतं. एकदा फुटलं की चिकटवून चालत नाही. ती तरातरा दुकानात शिरली.

"पुन्हा काढलात ना स्विच?"

तो खळ ढवळत होता. "नाही."

"मला बोलवायचं म्हणून मुद्दाम सैल केलंत काहीतरी. लोक काय बोलतायत, ऐकलंत का? तुमची थट्टा होते, माझं पोट आहे हे!"

वहिनी दारापर्यंत आल्याच होत्या. आई आतल्या उंबऱ्यात उभी. त्यानं पळी खाली ठेवली.

"चहाला एकच दिवस उरला होता," तो हळू म्हणाला. "आजच कशाला बिघडवीन मी?"

तिनं मागच्या खोलीत जाऊन पंख्याच्या स्विचबोर्डाचं झाकण उघडलं आणि टेस्टर लावला. लाल वायरीवर पेटला, ते बरोबर होतं. काळ्या वायरीवरही पेटला. दोन्हींवर टेस्टर पेटला की समजायचं, करंट येतोय पण त्याची परतीची वाट तुटलीय. तुटलेली वाट कुठं असेल, ते तिला बॉक्स उघडण्याआधीच कळलं.

फ्यूज काढला. खिशात टाकला. बॉक्स उघडला. त्यानं न सांगता बॅटरी धरली, आणि या वेळी उजेड जराही हलला नाही.

गाठी जशाच्या तशा होत्या. एक, दोन, तीन. कनेक्टरमधली काळी वायर मात्र नुसती टेकून उभी होती, टोक जळून काळं पडलेलं. स्क्रू सैल. तिनं स्वतः सोडवलेला, बल्बची वायर काढताना परत न आवळलेला. बाइंडरनं हात लावला असता तर खळीचा डाग राहिला असता. स्क्रूवर तसा डाग नव्हता.

त्यालाही दिसलं. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं.

"काय निघालं गं?" वहिनींनी दारातून विचारलं. "कुणाची चूक?"

तिचं तोंड उघडलं. शब्द फुटला नाही.

"माझीच," तो म्हणाला. "परवा स्विच पुसताना हात घातला होता मी. विसरलोच होतो."

"बघ!" वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं." आणि समाधानानं जिना चढू लागल्या.

तिनं टोक कापलं, नवं सोललं, स्क्रू आवळला. दोनदा आवळला. फ्यूज लावला. पंखा फिरू लागला. आज "आला वारा" कुणी म्हटलं नाही. त्याच्याकडे न बघता ती पिशवी उचलून निघाली.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. एक हात दुसऱ्या हातानं धरून, थरथर दाबत.

"गाठी होत्या?" त्यांनी विचारलं. रोजचा प्रश्न होता तो.

"होत्या. माझ्या होत्या." मग तिनं सगळं सांगितलं. सैल स्क्रू, चारचौघांत घेतलेला आळ, त्यानं आपल्या अंगावर ओढून घेतलेली चूक, आणि आपली दातखीळ.

बाबांनी मान वर केली.

"तुझ्या हातून स्क्रू सैल राहिला?"

"हो."

"लक्ष कुठं होतं?"

तिनं उठून पिशवी खुंटीला लावली.

"माझ्या हातूनही राहिला होता," बाबा म्हणाले. "अख्ख्या जन्मात एकदाच. स्वयंपाकघरातल्या दिव्याचा. तिसऱ्या दिवशी दिवा गेला. तुझ्या आजोबांनी मला चार शिव्या घातल्या."

"माझ्या आजोबांनी?"

"मग कुणी? घर त्यांचंच होतं. तुझी आई पोळपाट पुढ्यात घेऊन बसली होती, आणि मी स्टुलावर उभा होतो." ते हसले, तसा हात जास्तच थरथरला. "मी कबूल केलं. स्क्रू मीच सैल ठेवला म्हणालो. तुझी आई नंतर म्हणायची, दिवा लावणारे पुष्कळ येऊन गेले, चूक कबूल करणारा एकच आला. पोरी, सैल स्क्रू आवळता येतो. न बोललेली चूक आतल्या आत जळत राहते. मग एक दिवस घर पेटतं."

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा कुडत्याऐवजी साधी निळी साडी नेसली होती. पिशवी खुंटीलाच राहिली. टेस्टर अंबाड्यात होता, कारण तो काढला की डोकं रिकामं वाटायचं.

तळमजला ओलांडून ती आधी दुसऱ्या मजल्यावर गेली आणि बेल दाबली. बेल खणखणीत वाजली.

"वहिनी, काल तळमजल्यावर चूक त्यांची नव्हती. कनेक्टरचा स्क्रू मीच सैल सोडला होता. त्यांनी माझं नाव राखायला खोटं सांगितलं. मी गप्प बसले, ती दुसरी चूक. तुम्हाला वायरिंग दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर घ्या. पण खरं ते हे आहे."

वहिनींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. साडी बघितली. पिशवी नाही हेही बघितलं.

"आणि मग माझी बेल?"

"ती पक्की आहे."

"कशावरून?"

"तिथं माझं लक्ष होतं," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते.

वहिनींच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळा प्रकाश पडला. "असं होय!" त्या म्हणाल्या. मग दार लोटता लोटता, "वायरिंगचं माप घ्यायला गुरुवारी ये. आणि हे बघ... त्या दिवशी माझ्याकडे बघूनच काम कर."

तळमजल्याचं दार उघडं होतं. तो पुठ्ठ्याला कापड चिकटवत होता. तिला पाहून त्याचा हात थांबला, पण तो उठला नाही.

"पिशवी?" त्यानं विचारलं.

"आज कामाला आले नाही."

"मग?"

"वरती जाऊन सांगून आले. स्क्रू माझा होता म्हणून." तिनं थेट त्याच्याकडे बघितलं. "तुमच्यावर आळ घेतला, तो चुकला. तुम्ही तो झेललात, मी झेलू दिला, तेही चुकलं. चार वर्षांत एक स्क्रू सैल राहिला नाही माझ्या हातून. इथंच राहिला."

"का?"

"तुम्ही गाठ दाखवत होतात," ती म्हणाली. "मी गाठ बघत नव्हते."

मागे पंखा घरघरत होता. त्यानं बोटाची खळ पुसली. पुसून झाली तरी पुसतच राहिला. मग फळीवरून एक वही काढून तिच्यापुढे ठेवली. बाबांची वही. मजबूत पाठ, करडं कापड, एकही पान बाहेर नाही. तिनं उघडली. शेवटच्या चित्रानंतर कोऱ्या पानांचा एक जाड फर्मा नव्यानं शिवलेला होता.

"ही पानं?"

"तुमच्या चित्रांना. चार वर्षांची घरं कुठं काढलीत तुम्ही?"

आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून एक छोटी खोलगट चौकट कोरलेली होती, वही मिटली तरी दबणार नाही अशी. तिच्यात दोऱ्यानं पक्क्या केलेल्या तीन लाल गाठी. एक. दोन. तीन.

"पुस्तक फुगेल की," ती म्हणाली.

"फुगत नाही. जागा केलीय."

आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "आज आठवा दिवस ना? चहा टाकू?"

"काल बिघडलं काकू. आठ दिवस तिथून पुन्हा मोजायचे."

"पुन्हा आठ?" तो एकदम उभाच राहिला.

"काम करायला आलेल्या माणसासाठी नियम आहे तो." तिनं रिकामे हात पुढे करून दाखवले. "मी तर नुसतीच आलेय."

आई आत गेली. आत पातेलं दोनदा आपटलं, जरुरीपेक्षा जोरात.

"फक्त एक," ती म्हणाली. "तो स्क्रू एकदा शेवटचा बघते. नाहीतर चहा घशाखाली उतरायचा नाही."

ती मेन बोर्डाशी गेली आणि फ्यूज ओढून काढला. सवयीनं हात खिशाकडे गेला. साडीला खिसा नव्हता. ती क्षणभर तशीच उभी राहिली, तळहातावर पांढरा फ्यूज घेऊन. टेबल होतं. खिडकीची फळी होती.

तिनं त्याचा हात धरला, उताणा केला आणि फ्यूज त्यावर ठेवला.

"सांभाळा," ती म्हणाली.

तो तळहाताकडे बघत राहिला. मग त्यानं बोटं मिटली, एक एक करून, आणि मूठ शर्टाच्या खिशात, छातीशी नेऊन ठेवली. टेस्टर बॉक्सकडे वळली, आणि सबंध कामभर तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. स्क्रू घट्ट होता.

"अरे, पंखा गेला!" आतून आई ओरडली. "आता काय झालं?"

"काही नाही गं, आई," तो म्हणाला. "थोडा वेळ थांब."